हात हलत नसताना

माझी बायको सुंदरम्मा गेल्याचं मला शेजारच्या अंबुबाईच्या एका वाक्यावरून कळलं. मी सात रस्ता चौकातल्या माझ्या सायकलच्या दुकानात होतो. एका गिऱ्हाइकाच्या सायकलला ब्रेकची नवी वायर घालत होतो. वायर निम्मी सरकली होती आणि फोन वाजला. अंबुबाई म्हणाली, "अण्णाराव, घरी या. घाई करू नका, सावकाश या." अंबुबाई कधी सावकाश म्हणत नाही. नळाला पाणी आलं तरी ती गल्ली डोक्यावर घेते. ती सावकाश या म्हणाली तेव्हाच मला कळलं की घाई करून पोचण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मी वायर पूर्ण आत घातली, नट आवळला, ब्रेक दाबून बघितला आणि मग शटर ओढलं. हे मी का केलं ते सांगता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "घरी बोलावलंय." घरी पोचलो तर सुंदरम्मा स्वयंपाकघरात ओट्याजवळ पडली होती. डोक्यातली शीर फुटली असणार, असं डॉक्टर म्हणाले. गॅस बंद होता. तो तिनं केला की अंबुबाईनं नंतर येऊन केला, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर ती गेल्याचं मला कोणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. माणसं यायची ती चेहरा पाडूनच दारात चप्पल काढायची. आमची मुलगी भुवना पुण्याहून येईपर्यंत दुपार उलटून गेली आणि तोवर सुंदरम्माचं अंग ताठ झालं होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवतात, रोज पूजेला ठेवतो तसंच. तिचा धाकटा भाऊ प्रभू खाली खड्ड्यात उतरला होता आणि मी वर काठावर होतो. मठाच्या स्वामींनी लिंग तळहातावर ठेवायला सांगितलं. प्रभूनं ठेवलं आणि बोटं मिटवायला लागला, तर ती मिटेनात. दाबून धरली की मिटायची, सोडली की जरा उघडायची. शेवटी त्यानं पांढऱ्या कापडाची पट्टी हाताभोवती गुंडाळली. स्वामी "झालं" म्हणाले. मग वरून विभूती आणि बेल पडायला लागला. तेव्हा मला तिचा अंगठा बाजूला सरकल्यासारखा दिसला. पट्टी सैल झाली असेल किंवा माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून तसं दिसलं असेल. प्रभू वाकलेला होता, त्याच्या पाठीमुळे पुढचं काही दिसलं नाही. मग माती.

माणूस गेलं ही केवढी मोठी गोष्ट. पण माझ्या मनात अडकून राहिलं ते एवढंसं. ते तिच्या हातात राहिलं का? का पहिल्या मातीबरोबरच सुटून मांडीवर, मांडीवरून खाली गेलं? तिनं ते जन्मात कधी अंगावेगळं केलं नव्हतं. भुवनाच्या वेळी बाळंतपणात नर्सनं गळ्यातलं सगळं काढायला लावलं, तर हिनं लिंग अंबाड्यात बांधलं आणि वर पदर घेतला. नर्सला शेवटपर्यंत कळलं नाही. अशी बाई. दुकानात स्पोक लावताना, बँकेत रांगेत, आंघोळीचं पाणी काढताना मला मधेच तो अंगठा दिसायचा. मग हातातलं काम तसंच राहायचं. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. भुवनाला सांगितलं असतं तर ती रडली असती. आणि प्रभूला विचारायचं म्हणजे त्याला असं वाटायचं की दाजी म्हणतोय, तू नीट बांधलं नाहीस.

अमावास्या होऊन गेली, येणारी माणसं कमी झाली, भुवना परत गेली, आणि एका संध्याकाळी फोन आला. मी चहात कडक भाकरी बुडवून खात होतो. ही भाकरी सुंदरम्मानंच केलेली. आमच्याकडं ज्वारीच्या भाकऱ्या पातळ थापून, खडखडीत भाजून ठेवतात, महिना दोन महिने काही होत नाही. ती जायच्या आदल्या आठवड्यातच तिनं चळत करून डब्यात भरली होती. मी रोज त्यातली खात होतो. भाकरी उजेडाकडं धरली की तिच्या बोटांचे ठसे दिसायचे, मधे खोल, कडेला कमी. मी ते बघत बसायचो नाही. बुडवायचो आणि खायचो.

"काका, मी दिपाली बोलतेय, फिजिओच्या कॉलेजमधनं. अम्मा हायत का जवळ?"

मी म्हणालो, "बोल."

"उद्या त्यांची दुसरी तपासणी हाय की. विसरल्या न्हाईत नव्हं? हाताला तेल लावून येऊ नका म्हणावं, मागल्या वेळी पट्टा सारखा घसरत होता. आणि त्यांचं एक सामान आलंय म्हणावं. काय आलंय ते मी सांगत न्हाई, त्यांना बरोबर कळतंय."

मी म्हणालो, "बरं. सांगतो."

फोन ठेवला आणि चहातली भाकरी खायची राहूनच गेली. खोटं बोललो म्हणून नाही. इतके दिवस जो तो मला सुंदरम्मा गेली असंच बोलत होता. आणि आता या गावात एक पोरगी होती जिच्या डोक्यात सुंदरम्मा अजून घरात होती, पलीकडच्या खोलीत असेल, हाताला तेल लावायच्या बेतात असेल. फोन चालू होता तेवढा वेळ मलाही ती पलीकडच्या खोलीत असल्यासारखं वाटलं. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. खिळ्याला तिच्या व्यायामाचा हिरवा रबरी पट्टा लटकत होता. मी म्हणालो, "तेल लावू नको म्हणाली." मोठ्यानं म्हणालो. मग गॅसवरचं पातेलं उगाच इकडचं तिकडं केलं.

हे सगळं तिच्या कोपरामुळं सुरू झालेलं. उन्हाळ्यापासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला तिला दुखायचं. तवा उचलताना, कापड पिळताना, आणि भाकरी थापताना सगळ्यात जास्त. ती कानडी मुलखातली, अक्कलकोटच्या पलीकडं तिचं गाव. दुखलं की कानडीतच कण्हायची आणि मी विचारलं की मराठीत म्हणायची, "काही नाही, वय झालंय, तुमच्या सायकलीसारखं." शेवटी मीच तिला फिजिओच्या कॉलेजात घेऊन गेलो. तिथं दिपाली भेटली. पुढचं शिक्षण घेत होती आणि भाकरी थापणाऱ्या बायकांच्या हातांवर तिचा अभ्यास चालला होता. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच यंत्र हातावर पट्ट्यानं बांधायचं. फरक एवढाच की पोटाच्या वेळी श्वास धरून गप्प पडायला सांगतात, इथं हात हलवायला सांगतात. स्नायू आखडताना आत काय होतं, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा किती ताणली जाते, ते पडद्यावर बघायचं. आधी एकदा बघायचं, मग काही आठवडे व्यायाम द्यायचा आणि परत बघायचं. दिपालीनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे ब्रेकसारखं. लिव्हर इथं, वायर मधे, आणि पकडणार तिकडं." ती म्हणाली, "व्हय काका, फकस्त हितं वायर थोडी लवचिक असतीय." सुंदरम्मा म्हणाली, "झालं. आता हे माझ्या हाताला पण ग्रीस लावतील."

त्या पहिल्या वेळी मला बाहेर बसवलं होतं. आतलं थोडं ऐकू येत होतं. दिपालीनं परात आणि ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं, खरोखर थापतानाच बघायचं म्हणून. सुंदरम्माचा आवाज आला, "कवाचं पीठ आणलंस गं हे? विरी गेलीय याची. चिकटपणाच नाही, भाकरी थापली की चिरा पडतील."

"अम्मा, हात हलला म्हंजे झालं. खायची न्हाई ती."

"खायची नाही तर थापायची कशाला?"

मग थापण्याचा आवाज. तो आवाज मी लग्न झाल्यापासून रोज ऐकत आलो होतो, पण दवाखान्यात बाकावर बसून भिंतीपलीकडून ऐकताना मला तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला. आधी जलद, मग जरा थांबून, परात फिरवून, परत जलद. मधेच दोघींचं हसणं. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. एवढा वेळ सुंदरम्मा गप्प बसली म्हणजे तिला दुखवलं बिखवलं की काय असं वाटून मी उठून उभासुद्धा राहिलो होतो. बाहेर आली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. मी विचारलं, "काय केलं आत?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? बायकांचं असतंय." रिक्षात मग दिपालीबद्दलच बोलत होती. पोरगी माळशिरसकडची, धनगराची, आई केराबाई अजून मेंढरं राखते. "त्या मेंढरांवर एवढी शिकली बघा. मी तिला एक काम सांगितलंय." कसलं काम ते मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला पुढं आहेच की वेळ.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, धुतलेला सदरा घातला आणि निघालो. फोनवर सांगता आलं असतं. पण ज्या बाईला दिपालीनं तेल लावू नका असं सांगितलं होतं, तिच्याबद्दल त्याच फोनवर परत हे सांगायचं मला जमलं नसतं. आणि खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं. रस्त्यानं जाताना मी तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होतो. "सुंदरम्मा वारली." हे पेपरातल्यासारखं वाटलं. "आमची मंडळी गेली." हे ऐकून दिपाली विचारेल, कुठं गेली. "लिंगैक्य झाली" असं आमच्यात म्हणतात, पण तो शब्द तोंडात आला की मला परत हात दिसला, पट्टी दिसली, तो अंगठा दिसला. हातात लिंग आहे म्हणून तर लिंगैक्य. नसलं तर मग काय म्हणायचं? असा विचार करत मी कॉलेजच्या फाटकातून पुढं गेलो आणि परत मागं आलो.

बाकावर एक म्हातारा विणकर बसला होता, खांद्याला पट्टा बांधलेला. त्यानं सरकून जागा दिली आणि म्हणाला, "कुणाला घेऊन आलाव?"

"मालकिणीला."

"आत गेली काय?"

"हो," मी म्हणालो. "आत आहे."

"माझं बगा, यंत्रमागावर चाळीस वर्सं हा हात वर. आता हात वर जातच नाही. डाक्टर म्हणतेत, व्यायाम करा. मी म्हनलं, आयुष्यभर काय केलं मग?" तो स्वतःच हसला. "बाईमानसाचं बरं असतंय, त्या सांगितल्यालं करत्यात. तुमची करते काय?"

"करते," मी म्हणालो. "शिव्या देत करते." हे खरं होतं. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढायची, प्रत्येक ओढीला कानडीत पुटपुटायची, आणि मनाला आलं की "साकु", म्हणजे पुरे, असं त्या पट्ट्यालाच सांगून सोडून द्यायची. म्हाताऱ्याला हे सांगताना मला हसू आलं. ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो. आणि त्या हसण्यात मला कळलं की मी असाच संध्याकाळपर्यंत या बाकावर बसू शकेन, ती आत आहे म्हणून.

तेवढ्यात दार उघडून दिपालीच बाहेर आली. पांढरा कोट, केस मागं घट्ट बांधलेले. मला बघून हसली आणि माझ्या मागं, जिन्याकडं बघितलं.

"अम्मा कुठायत? खाली ऱ्हायल्या का? जिना चढंना झालाय का त्यांना?"

"ती येणार नाही."

"का? परत दुखाय लागलं व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "आता दुखत नाही."

जुळवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. एवढंच आलं. दिपालीनं माझ्याकडं बघितलं, मग कपाळाकडं, मग परत डोळ्यांकडं. शेजारचा म्हातारा खांद्यावरच्या पट्ट्याशी काहीतरी करायला लागला. दिपाली म्हणाली, "कवा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आन् मी काल फोनवर..." आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. मला तिचीच दया आली. काल संध्याकाळपासून हे मी एकटा वाहत होतो आणि आता ते तिच्या अंगावर टाकलं होतं. आणि हेही कळलं की आता संपलं. जिच्या डोक्यात सुंदरम्मा अजून जिवंत होती असं गावात आता कोणी राहिलं नव्हतं.

तिनं मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. तिनं ते उघडलं नाही, माझ्यापुढं सरकवलं फक्त. "आईनं विणून घेतलं. अम्मांनी सांगितलं व्हतं, पूजेला बसाय काळ्या लोकरीचं आसन पायजे, दुकानातलं नको, ज्याची मेंढरं हायत त्याच्या घरचं पायजे. आई लई खूश झाली व्हती. म्हणाली, माझ्या मेंढरांवर बसून कुणीतरी देव करणार." कागदातून लोकरीचा वास येत होता, ओल्या मेंढरासारखा. मी पुडक्यावर हात ठेवला आणि तसाच बसलो. समोर ते यंत्र होतं, बंद. पडदा काळा. शेजारी जेलची बाटली आणि पट्टा, तोच घसरणारा.

मी विचारलं, "मागच्या वेळचं तिचं काही आहे का त्यात?"

तिनं यंत्राकडं बघितलं. मग म्हणाली, "हाय. बघायचंय तुमाला? बघून तरास झाला तर?"

"दाखव."

तिनं यंत्र चालू केलं. माझी कल्पना होती की हात दिसेल, बांगड्या दिसतील. तसलं काही नव्हतं. पडद्यावर राखाडी पट्टे होते, आपण कपाळावर तीन बोटं विभूती ओढतो तसे, पण तिरपे आणि एकाखाली एक पुष्कळ. त्यांच्यामधून एक जाड पांढरी दोरी गेलेली. दिपाली म्हणाली की ते पट्टे म्हणजे स्नायूचे धागे आणि ती दोरी म्हणजे कंडरा. मग तिनं ते चालू केलं आणि सगळं हलायला लागलं. धागे आखूड होऊन उभे राहत, परत लांब होऊन आडवे पडत, दोरी पुढं मागं सरकत होती. आवाज काहीच नव्हता. तरी मला कळलं. आधी जलद, मग जरा थांबून, परत जलद. मी म्हणालो, "ही भाकरी." दिपाली म्हणाली, "व्हय, भाकरी."

मी ते कितीदा बघितलं माहीत नाही. हाताच्या आत एवढं चाललेलं असतं हे मला माहीत नव्हतं. मी ताटावर बसून नुसतं "वाढ" म्हणायचो, आणि त्या वाढण्यामागं ही एवढी धावपळ होती. सुंदरम्माच्या अंगाचं जे कधी कोणी बघितलं नव्हतं, मी नाही, तिच्या आईनं नाही, ते माझ्यासमोर हलत होतं. मला लाजल्यासारखं झालं. मी पडद्यावरून नजर काढून खिडकीकडं बघितलं.

"अजून एक हाय," दिपाली म्हणाली. "हे माझ्या अभ्यासात बसत न्हाई. पुसायला पायजे व्हतं. पुसलं न्हाई."

"काय आहे?"

"दुसऱ्या हाताचं. तळहातावर वजन ठेवून हात न हलवता धरायचा असतोय. मी वाळूची पिशवी दिली तर अम्मा म्हणाल्या, डाव्या हातावर मी दुसरं काय ठेवत न्हाई. मी म्हणलं, मग कसं करायचं? म्हणाल्या, जे ठेवते ते ठेवते, तू बघ तुझं काय बघायचं ते. आन् गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि बसल्या की पूजेला, हितंच, या खुर्चीत." ती जराशी हसली. "मला म्हणाल्या, आमच्या ह्यांना सांगू नको. म्हणतील, देवाची पण सोनोग्राफी करून आली."

म्हणजे बाहेर मी उठून उभा राहिलो होतो तो हाच वेळ. "डावा हात?" मी विचारलं. "डावाच," ती म्हणाली.

या वेळी पडद्यावरचे पट्टे स्थिर होते. मला वाटलं यंत्र अडकलं. रोज पहाटे मी स्वयंपाकघराच्या दारातून तिला असंच बघितलं होतं. भिंतीकडं तोंड करून बसलेली, डावा हात छातीपुढं, तळवा वर, नजर त्याच्यावर. हात जराही हलायचा नाही. माझी पूजा लवकर उरकायची, दुकानाची घाई. मी चहासाठी दोनदा खाकरायचो तरी ती हलायची नाही. मला वाटायचं, दिवसभरात तेवढाच तिला विसावा. पण पडद्याकडं टक लावून बघितलं तसं दिसायला लागलं की ते अडकलेलं नव्हतं. धागे अगदी बारीक थरथरत होते. ती पांढरी दोरी ताणलेली होती आणि मधेमधे केसभर सरकत होती.

"हात तर हलत नव्हता ना?" मी विचारलं.

"जरा पण न्हाई."

"मग आत हे काय हलतंय?"

"धरून ठेवायचं म्हंजे पण काम असतंय की काका. वरनं दिसत न्हाई. स्नायू आखडतोय, तेवढीच कंडरा ताणली जातीय, म्हणून हात जाग्यावर ऱ्हातोय. दोघांतलं एक जरी सुटलं तर हात खाली."

मी बघत राहिलो. शेवटी एका जागी धागे सावकाश लांब झाले आणि दोरी सैल पडली. दिपाली म्हणाली, "हितं त्यांनी लिंग उचलून परत गळ्यातल्या करंड्यात ठेवलं." मग पडदा थांबला.

मी विचारलं. इतके दिवस कोणाला विचारलं नव्हतं ते या परक्या पोरीला विचारलं, कारण ती हातांचंच शिकत होती आणि तिला मठाचं, नात्याचं काही घेणं नव्हतं. "माणूस गेल्यावर हात धरू शकतो का काही?"

तिला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. बसवलेलं, बोटं मिटेनात ते, पट्टी, तो अंगठा. सांगताना मी माझ्याच डाव्या हातानं ते करून दाखवत होतो. ती माझ्या हाताकडं बघत ऐकत होती. मग म्हणाली, "खरं सांगू का काका? माणूस गेल्यावर स्नायू ताठ हुत्यात, मग काही वेळानं परत सैल पडत्यात. पण ते ताठ हुणं म्हंजे धरणं नव्हं. धराय जित्तं माणूस लागतंय. पण कापडानं बांधलं असंल तर कापड धरतंय. किती घट्ट बांधलं ते मला हितं बसून कसं कळायचं? खाली कोण व्हतं?"

"माझा मेहुणा. प्रभू."

"मग त्यांना विचारा की. त्यांच्या हातानं बांधलंय, त्यांना म्हाईत असणार."

इतकं सोपं होतं. मी मान हलवली. ती म्हणाली, "ते मोबाईलवर देऊ का तुमाला? धरलेलं?" मी म्हणालो, "राहू दे इथंच." माझ्या मोबाईलमध्ये रिम, पेडल, टायरच्या किमतींचे फोटो आहेत, त्यांच्या मधे ते मला नको होतं. आणि इथं ती अजून तपासणीला येऊन खुर्चीत बसलेली बाई होती. दिपाली दारापर्यंत आली. वाकून पाया पडली. मी म्हणालो, "आईला सांग, आसन फार चांगलं झालंय." तोपर्यंत मी ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं चांगला हात छातीला लावला.

घरी येऊन पुडकं उघडलं. काळं आसन, कडेला पांढऱ्या लोकरीची एक रेघ. ते तिच्या जागेवर, भिंतीसमोर अंथरलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग मीच त्यावर बसलो. लोकर टोचत होती. तिला हे आवडलं असतं, टोचलं तरच डुलकी येत नाही असं म्हणाली असती. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या खाली दाबून धरली. पूजेत असं करत नाहीत. पण मला बघायचं होतं. हात हलत नव्हता. बोटांखाली मात्र आत काहीतरी सारखं काम करत होतं, बारीक, न थांबता. थोड्या वेळानं हात भरून आला. ती रोज केवढा वेळ धरायची. मी धरून बसलो.

दिवे लागल्यावर प्रभूचा फोन आला. आता रोज करतो तो, अक्कलकोटच्या पलीकडून, कधी शेतातून, कधी घरून.

"दाजी, जेवलासा का?"

"जेवतो आता. भाकरी आहे."

"अजून अक्काचीच?"

"अजून आहेत थोड्या."

मग तो म्हणाला, ज्वारी यंदा बरी दिसतीय, काढणी झाली की पोतं पाठवतो, भुवनाला फोन लावा, अंगावर जरा घेऊन झोपा. मी हो हो म्हणत होतो. मोबाईल मी डाव्या हातात धरला होता आणि हात भरून आलेलाच होता. मला वाटलं, आता विचारावं. पट्टी किती घट्ट बांधली होतीस रे. एवढंच वाक्य.

"आणि काय दाजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "बाकी ठीक."

आसन तिथंच अंथरलेलं आहे, मी रोज त्यावर बसतो. भाकऱ्या डब्याच्या तळाला आल्या आहेत. प्रभूला विचारायचं अजून राहिलं आहे.